चिखलाविना चिखल्या

जयपूरला नोकरी लागली तेव्हा जागा शोधत मी आदर्श नगरातल्या त्या घरापाशी पोचले आणि फाटकावरची पाटी वाचून परतच फिरणार होते. पाटीवर हिंदीत लिहिलं होतं, 'यहाँ केवल बड़े जानवर देखे जाते हैं.' त्याखाली वेगळ्या रंगात, बहुधा मागाहून सुचलेलं, 'तोता नहीं.' वरची खोली भाड्याने द्यायची आहे आणि मालकीणबाई मराठी आहेत, एवढंच मला ऑफिसातल्या मैत्रिणीने सांगितलं होतं. जनावरांचं तिने काही सांगितलं नव्हतं.

दार उघडलं ते एका उंच, काटक, पांढऱ्या केसांच्या बाईंनी. मी नमस्कार केला, सांगलीची आहे म्हणाले, कंपनीचं नाव सांगितलं. त्यांचं लक्षच नव्हतं. त्या माझ्या पायांकडे बघत होत्या.

"चालून दाखव," त्या म्हणाल्या. "फाटकापर्यंत जा आणि परत ये. घाई करू नको."

मला वाटलं, हा विनोद असावा. तो नव्हता. मी फाटकापर्यंत गेले आणि परत आले. आयुष्यात पहिल्यांदाच मला चालताना हात कुठे ठेवावेत ते कळेना.

"उजवी टाच दुखून राहिली तुझी," बाई म्हणाल्या. "केव्हापासून?"

टाच खरंच दुखत होती. मी आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. "बऱ्याच दिवसांपासून," मी म्हणाले.

"चपला फेकून दे त्या. खोली वर आहे. पलंगावर ओला टॉवेल दिसला तर सामान रस्त्यावर."

अशी मला खोली मिळाली. मावशी म्हणू का, असं विचारलं तर म्हणाल्या, "मी कोणाची मावशी नाही. बाई म्हण." मग मी बाईच म्हणत आले. गल्लीत सगळे त्यांना डॉक्टरनीजी म्हणत. भंडाऱ्याकडच्या, धानाच्या मुलखातल्या. जनावरांची डॉक्टरकी शिकल्या तेव्हा वर्गात त्या एकट्याच मुलगी. नवरा फौजेत होता, त्याची शेवटची बदली जयपूरला झाली, इथेच घर बांधलं आणि मग तो गेला. भाऊ न्यायला आला होता. बाईंनी त्याला जेवू घातलं आणि स्टेशनवर पोचवून दिलं. "माझे घोडे इथे आहेत," एवढंच कारण त्यांनी दिलं. त्यांच्या मालकीचा एकही घोडा नव्हता.

बाईंचं जगात एकाच गोष्टीशी वैर होतं आणि ती म्हणजे ओल. जयपूरमध्ये ओलीशी वैर धरणं म्हणजे वाळवंटात मगरीला भिण्यासारखं, असं मी एकदा म्हणून बसले. त्यावर मला मोठं व्याख्यान ऐकावं लागलं. जूनमध्ये अख्खी गल्ली कूलरचं पाणी भरत असताना आमच्या घरात नुसता पंखा फिरायचा. नळ ठिबकला तर प्लंबर येईपर्यंत बाई जेवत नसत. धुतलेली भांडी पुसून, उन्हात ठेवून, मगच फडताळात. "ओल घरात शिरली का रोग पाहुणा म्हणून येते," त्या म्हणायच्या, "आन् जावई होऊन बसते." शब्द ठसक्यात सांगायचा असला की भंडारा जिभेवर यायचा.

रविवारी मी त्यांची सारथी. रिक्षावाले वळताना बघत नाहीत म्हणून त्यांना रिक्षा चालत नसे, आणि त्यांची स्कूटर त्यांनीच चालवावी अशी गल्लीची इच्छा नव्हती. मग मी पुढे, बाई मागे, मांडीवर औषधांची पेटी. तबेल्यात शिरल्यावर त्या माणसांशी आधी बोलत नसत. घोड्यासमोर जाऊन नुसत्या उभ्या राहायच्या. कधीकधी इतका वेळ की मालक माझ्याकडे बघून डोळ्यांनी विचारायचा, 'सगळं ठीक आहे ना?' घोडा आधी कान मागे टाकायचा, मग एक कान पुढे, मग दुसरा, आणि शेवटी नाक बाईंच्या खांद्याला लावायचा. मग तपासणी सुरू. हे मी पुष्कळदा पाहिलं आणि दर वेळी माझ्या अंगावर काटा आला.

मालकाला पहिला प्रश्नही ठरलेला. "क्या हुआ?" असं त्या कधी विचारत नसत. "आपने क्या-क्या किया?" असं विचारत. "रोगाचं मी पाहून घेईन," त्या मला सांगायच्या. "आधी ह्यांचे उपद्व्याप तर कळू दे."

रामनिवास घोडीवाला आला तो पावसाळ्याच्या शेवटी. घाटगेटच्या पलीकडे त्याचा तबेला. लग्नाच्या वरातींना घोडी देणं हा त्याचा बापजाद्यांपासूनचा धंदा. माणूस धिप्पाड, मिशा भरघोस, आणि अंगणात येताच रडायला लागला. त्याच्या पांढऱ्या घोडीच्या पायांवर खपल्या धरत होत्या. काढल्या की पुन्हा यायच्या, आणि पुन्हा आल्या की आधीपेक्षा जाड. आता मागचा एक पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता आणि घोडी तो टेकत नव्हती.

"देवउठनी के बाद म्हारी छोरी को ब्याव है, डॉक्टरनीजी," तो म्हणाला. "सारे शहर के दूल्हे मिसरी पे बैठे. म्हारो जँवाई किसी और की घोड़ी पे आवेगो?"

मिसरी म्हणजे ती घोडी. देवउठनी म्हणजे आपली कार्तिकी एकादशी, तिच्यानंतर लग्नं सुरू होतात. घोडीवाल्याच्याच मुलीच्या दारात नवरा दुसऱ्याच्या घोडीवरून आला तर बिरादरीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, हे मलाही समजत होतं. त्यात ती मुलगी आणि मिसरी एकाच अंगणात वाढलेल्या. मुलीने बापाला सांगून टाकलं होतं, की मिसरीवरून येणार नसेल तर येऊच नको म्हणावं त्याला.

आम्ही तबेल्यात गेलो. पांढरी शुभ्र घोडी, निळसर डोळे, कातडी आतून गुलाबी. पायात मखमलीचे लाल पट्टे, त्यावर घुंगरं. लग्नाचा मोसम नसताना पट्टे कशाला, असं बाईंनी विचारलं. रामनिवासने मान खाली घातली. पुढच्या मोसमाचं बुकिंग करायला लोक घोडी बघायला येतात. पायावर खपल्या दिसल्या तर 'ऐबी घोड़ी' म्हणून बोभाटा होतो, आणि ऐबी घोडीवर कोणी आपला मुलगा बसवत नाही. म्हणून त्याने खपल्या झाकल्या होत्या.

"खोलो," बाई म्हणाल्या.

पट्टे सोडले तसा असा काही वास आला की मी दारापर्यंत मागे सरले. खुराच्या वर, मागच्या बाजूला जो खळगा असतो, तिथे पिवळ्या करड्या खपल्यांचे थरावर थर बसले होते. बाई खाली बसल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, सुजलेल्या पायाच्या घोडीच्या मागच्या टापांशी, बैठक मारून. घोडीने लाथ झाडली असती तर सगळा कारभार आटोपला असता. बाईंनी नुसता तळवा पायावर ठेवला आणि तोंडाने बारीक काहीतरी पुटपुटत राहिल्या. मग एक सैल खपली अलगद उचलून उजेडात धरली. तिच्या खालच्या बाजूने केस असे उभे होते, जणू रंगाचा जुना ब्रश.

"आपने क्या-क्या किया?"

रामनिवासने सांगायला सुरुवात केली. सकाळी शाम्पूने पाय धुतो. संध्याकाळी कडुनिंबाच्या पाण्याने. खपल्या रोज घासून काढतो, घाण राहायला नको म्हणून. मग हळद आणि तूप. एका हलवायाने सांगितलं म्हणून तुरटी. एका ट्रकवाल्याने सांगितलं म्हणून जळकं ऑइल. गलता तीर्थावरच्या एका बाबांची भभूत. मग पट्टे. आणि उन्हाने जीव कासावीस होऊ नये म्हणून, तो अभिमानाने भिंतीकडे बोट करत म्हणाला, खास मिसरीसाठी कूलर.

कूलर मिसरीच्या बरोबर मागे होता. त्याचं पाणी ठिबकून खालची फरशी काळी पडली होती.

बाई बराच वेळ कूलरकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या. त्यांचा चेहरा काही वेगळाच झाला होता.

"चिखल्या आहेत ह्या, पोरी," त्या म्हणाल्या. "घोडीले चिखल्या झाल्या."

मी म्हणाले, "बाई, इथे चिखल कुठून येणार?"

"माह्या मायले दरसाली व्हायच्या. धान रोवण्याच्या दिवसात दिवसभर बांधीत, शेताच्या गुडघाभर पाण्यात. रातच्याला चुलीपाशी पाय घेऊन बसे. बोटांच्या बेचक्यात सगळं सोललेलं. पण तिचे पाय दिवाळीपर्यंत बरे व्हायचे, काऊन का बांधी सुकायची. ह्या घोडीची बांधी कधी सुकलीच नाही. ह्याने सुकूच दिली नाही." मग रामनिवासकडे वळून हिंदीत म्हणाल्या, "भैया, रेगिस्तान में तूने इसके लिए तालाब बना दिया."

उपचार इतका साधा होता की रामनिवासचा त्यावर विश्वासच बसेना. पायाचे केस कातरले. खपल्या मलम लावून आधी मऊ केल्या आणि सहज सुटल्या तेवढ्याच काढल्या. एकदा जंतुनाशकाने धुऊन पाय इतके कोरडे केले, की बाईंनी शेवटी आपला गाल लावून ओल उरली का ते पाहिलं. होय, गाल. घोडीच्या खुराला. सुजेसाठी इंजेक्शनं दिली. कूलर गेला, फरशीवर कोरडी वाळू आली, पट्टे बाईंनी स्वतः पेटवले. त्यानंतरचा हुकूम असा, की आता पाणी नाही, तूप नाही, हळद नाही, बाबा नाही. मी सांगेन तेव्हा मलम, आणि बाकी हात पाठीमागे.

"कुछ तो करने दो," रामनिवास अगदी कळवळून म्हणाला.

"बैठो. देखो. ये भी काम है."

हे त्याला जमेना. प्रेम करायचं आणि हात पाठीमागे ठेवायचे, हे सगळ्यांनाच अवघड जातं. पुढच्या रविवारी आम्ही गेलो तर बाईंनी उंबऱ्यातूनच नाक फेंदारलं. "घी," त्या म्हणाल्या. रामनिवासने आधी देवाची शपथ घेतली, मग मिसरीची घेता येईना, तेव्हा कबूल झाला. तूप, हळद आणि वर जरासं कोमट पाणी. 'जरासं.'

मला वाटलं बाई आता फाडून खातील. त्या शांतपणे म्हणाल्या, "मोजे हैं?" त्याने मोजे आणले. बाईंनी ते तुपाच्या बोटांनी चोळले, बादलीत बुडवले आणि त्याच्यापुढे धरले. "पहनो. ऊपर से जूते. शाम को आना, मेरे सामने उतारना."

आणि तो मिशाळ गडी ते मोजे घालून दिवसभर हिंडला. बिरादरीत कोणाकडे साखरपुडा होता, तिथेही गेला म्हणे. संध्याकाळी आमच्या अंगणात खुर्चीवर बसून त्याने जोडे काढले. पाय पांढरेफटक, सुरकुतलेले, बोटांच्या मध्ये लाल. बाईंनी त्याच्यापुढे चहा ठेवला.

"खुजली?"

"बहोत."

"मिसरी बोल नहीं सकती. अब तू बोल, कैसा लगा."

रामनिवास आपल्या पायांकडे बघत राहिला आणि मग उपरण्याने डोळे पुसले. त्या दिवसानंतर त्याने मिसरीच्या पायाला पाण्याचा थेंब लागू दिला नाही. तबेल्यात खाट टाकून हात पाठीमागे घेऊन बसायचा. येणारे-जाणारे हसायचे. मलाही हसू यायचं, पण बाईंच्या समोर नाही.

सूज उतरली. घोडी पाय टेकायला लागली. खपल्या एकेक करून आपोआप गळाल्या आणि खालून नवी कातडी आली. गुलाबी, केसाविना, दुधावरच्या सायीसारखी पातळ. बाई ती बघताना श्वास धरायच्या. त्यांनी किती घोडे बरे केले असतील कोण जाणे, पण दर वेळी त्यांना जणू पहिल्यांदाच हे दिसायचं. मी माझ्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधून दुरुस्त करत असे, पण काही दुरुस्त झालं म्हणून माझा श्वास कधी अडला नव्हता. मला त्यांचा हेवा वाटायचा, हे सरळच सांगते.

एकादशी झाली. लग्नाच्या आदल्या दिवशी रामनिवास आला, हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. उघडलं तर नवे कोरे पट्टे. हिरवी मखमल, चांदीची घुंगरं.

"बस दो घंटे, डॉक्टरनीजी. निकासी से तोरण तक. नंगे पैर घोड़ी भेजूँगा तो समधी क्या बोलेंगे? बुआजी बहुत तेज है उनकी. कहेंगे, बेटी वाले ने ऐबी घोड़ी भेजी."

निकासी म्हणजे नवरा घोडीवर बसून घरून निघतो तो विधी, आणि तोरण म्हणजे तो मुलीच्या दारी पोचतो तो.

बाईंनी पट्टा हातात घेतला, उलटसुलट पाहिला, छान आहे म्हणाल्या. "बांधलास तर काय होईल सांगते. घोडी घामाने भिजेल. नाचवतील तिला, घासेल. कातडी फाटेल आणि ह्या वेळी सूज चढली तर पाय जाईल. न बांधलास तर लोक बोलतील." हे सगळं त्यांनी त्याला हिंदीतच सांगितलं, पण मला आठवतं ते असं मराठीत. "मी तिची डॉक्टर आहे. तिचा बाप तू आहेस. तू ठरव."

तो पट्टे घेऊन गेला. बाई रात्री जेवल्या नाहीत, आणि नळ तर ठिबकत नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही नवरदेवाच्या दारात. बाईंनी भंडाऱ्याची टसर नेसली होती, मी त्यांना तोवर साडीत पाहिलंच नव्हतं. बँडवाले उभे, दिव्यांची झुंबरं डोक्यावर घेतलेली माणसं उभी, आणि गल्लीच्या तोंडाशी मिसरी वळली. डोक्याला कलगी, पाठीवर जरीची झूल, गळ्यात मोत्यांच्या माळा. आणि चारही पाय उघडे. कातरलेले, गुलाबी, पाळण्यातल्या पोरासारखे. बाईंनी माझा हात धरला आणि इतका दाबला की माझी बांगडी रुतली.

कुजबुज सुरू झालीच. 'पैर देखो', 'ये क्या हुआ है.' रामनिवास लगाम धरून ताठ उभा, समोर बघत. नवरदेव सेहरा बांधून पायरीवर आला. मग बायकांतून वाट काढत बुआजी पुढे आल्या, नवरदेवाची आत्या. एका हातात आरतीचं ताट, दुसऱ्या हातात कलश. त्यांच्या घराची रीत अशी, की घोडीचे पाय दूध-पाण्याने धुतल्याशिवाय नवरा रिकिबीत पाय घालत नाही. हे आम्हाला कोणाला माहीतच नव्हतं.

कलश वाकला तेवढ्यात रामनिवास मध्ये आला. "बुआजी, हाथ जोड़ूँ. पैर नहीं."

बँड थांबला. मुलीच्या बापाने मुलाच्या आत्याला भर दारात नाही म्हणणं, ही साधी गोष्ट नव्हती. बुआजींचा चेहरा लाल झाला. "बिना पैर धोए शगुन कैसे होगा? म्हारे घर में आज तक ना हुयो." मागून कोणीतरी म्हणालं, घोडीच बदला, दुसरी बोलवा. रामनिवास जागचा हलला नाही, पण त्याचे खांदे खाली येताना मला दिसले. सगळं आता त्या कलशावर येऊन ठेपलं होतं. घोडीचे पाय, मुलीचं लग्न, त्याची अब्रू.

माझा हात सुटला. बाई पुढे निघाल्या होत्या. त्यांनी चपला काढल्या, टसरीच्या निऱ्या घोट्याच्या वर उचलल्या आणि मिसरीच्या पुढच्या पायांना लागून उभ्या राहिल्या.

"इसके पैर मैंने बनाए हैं," त्या बुआजींना म्हणाल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "इसकी माँ समझ लो. शगुन मेरे पैरों पर कर दो."

कोणी हसलं नाही. मी पाहत होते ना, हसण्यासारखं काही तिथे उरलंच नव्हतं. पांढऱ्या केसांची ती उंच बाई, तिच्या खांद्यावर टेकलेलं घोडीचं नाक, आणि त्या दोघींची बुआजींवर लागलेली शांत नजर. बुआजींनी बाईंच्या पायांकडे पाहिलं, मग घोडीच्या पायांकडे, त्या नव्या पातळ कातडीकडे जरा वाकून, नीट. त्यांचाही श्वास थांबलेला मला दिसला.

मग त्या खाली बसल्या आणि कलशातलं दूध-पाणी बाईंच्या पावलांवर ओतलं. आधी उजव्या, मग डाव्या. कुंकू लावलं. बाकीच्या बायकांनी काय समजून कोण जाणे, गाणं सुरू केलं.

ताटात भिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीची वाटी होती. निघताना घोडीला डाळ भरवायची असते. बुआजींनी तळहातावर डाळ घेऊन मिसरीला भरवली. मग काय वाटलं त्यांना, उरलेली डाळ तशीच त्या तळहातावर घेऊन बाईंच्या तोंडासमोर धरली. बाईंनी एकदा मिसरीकडे पाहिलं, मान खाली घातली, आणि बुआजींच्या हातातून डाळ खाल्ली.